नदीचा हजेरीपट



मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझे शिक्षण झाले ते बिडी कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु संघटनेच्या कामाने मला इतिहास वाचण्याची एक किल्ली दिली. ज्याचे नाव वहीत नाही, त्याच्या हाती दाम पडत नाही, ही ती किल्ली. आपल्या जिल्ह्यातली बाई पिढ्यान्‌पिढ्या ओसरीवर बसून बिड्या वळत आली. पण घरी वळणारीही कामगारच, हे कायद्याने मानले ते १९६६ साली. तिच्यासाठी कल्याण निधीचा कायदा झाला तो त्यानंतर, १९७६ साली. आधी मान्यता, मग निधी. नदीच्या बाबतीतही हाच क्रम चालतो, एवढेच मला आज दाखवायचे आहे.

नागपूरचे नाव ज्या नाग नदीवरून पडले असे मानतात, ती नदी पुढे त्याच शहराच्या तोंडी ‘नाग नाला’ झाली. शब्द लहान, पण त्याचा परिणाम मोठा. नदीत घाण टाकताना माणसाचा हात थोडा तरी अडखळतो. नाल्यात टाकताना अडखळत नाही. १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला, १९८५ साली गंगा कृती योजना निघाली आणि १९९५ साली इतर नद्यांसाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजना आली. या योजनेच्या वहीत नाग नदीचे नाव चढले, तेव्हा तिच्यासाठी तिजोरी उघडली. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिच्या प्रदूषणमुक्तीच्या प्रकल्पाची कोनशिला बसली. खर्च १९२५ कोटी रुपयांहून अधिक. तो केंद्र, राज्य आणि नागपूर महानगरपालिका यांनी वाटून उचलायचा. नाल्याला पुन्हा नदीचा मान मिळतो आहे, याचा आम्हां भंडाराकरांना हेवा नाही. उलट आनंदच आहे.

पण इतकी वर्षे ती घाण गेली कुठे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नाग नदी कन्हानला मिळते, आणि कन्हान अंभोऱ्यास वैनगंगेला. अंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम मानतात. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ तेथेच रचला, अशी आपल्याकडची परंपरा आहे. अंबेजोगाईचाही त्यावर हक्क आहे, तो वाद पंडितांनी मिटवावा. मराठी ग्रंथाच्या उगमाशी ज्या स्थळाचे नाव जोडले जाते, तेथे एका महानगराचे सांडपाणी येऊन मिळावे, हे आपल्या काळाचे चित्र आहे.

वाहती नदी पुष्कळ काही पोटात घालते. परंतु त्याच खोऱ्यात गोसीखुर्दचे धरण उभे राहिले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी त्याचा पाया घातला. २,५०,८०० हेक्टर जमीन भिजवण्याचा संकल्प होता, आणि २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. शेतकऱ्याच्या पाण्याला माझा विरोध नाही. मात्र धरणाच्या भिंतीने नदीची चाल बदलली. पाणी मागे फुगते, ते भंडाऱ्यापर्यंत येते. अंभोरा आपल्या खाली आहे. म्हणून खालची घाण वर येणार नाही, हा जुना हिशेब आता चुकला.

आमच्या लहानपणी उन्हाळ्यात नदीच्या पात्रात डांगराच्या वाड्या असत. वाळूत हातभर झिरा खोदला की निवळशंख पाणी लागे, आणि आम्ही ते ओंजळीने पीत असू. मागे एक ढिवर बांधव मला म्हणाले, “भाऊ, जाळं धुवाले आता घरचं पानी न्या लागते.” हे वाक्य मला कोणत्याही अहवालाहून मोठे वाटते.

असे जगात प्रथमच घडते आहे असे नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या टेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांशी आली, तेव्हा पैशाचा कायदा झटपट मंजूर झाला. बॅझलजेट या इंजिनियराने मोठी भुयारी गटारे बांधली. शहर स्वच्छ झाले. पण मैला शहराच्या पूर्वेस, खालच्या अंगाला, नदीतच सोडला जाई. १८७८ साली त्या मुखांजवळ ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही आगबोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे त्या घाण पाण्यात मेली. त्यानंतर चौकशी बसली, आणि मैल्यातला गाळ वेगळा काढण्याचे काम सुरू झाले. शहराने स्वतःपुरता केलेला उपाय खालच्या गावाला कसा भोवतो, याचा हा धडा आहे.

जर्मनीत १८९९ साली एम्शर नदीकाठच्या नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांनी एक संघ काढून नदीचा खर्च आपापसांत वाटून घेतला. एम्शर नदी तेव्हा शुद्ध झाली नाही. पुढे कित्येक दशके ती उघडे गटारच होती, आणि तिला नवे रूप देण्याचे काम १९९२ नंतर हाती घेतले गेले. पण एक वही, एक मेज, ही शिस्त त्यांनी पहिल्यापासून घातली. आपल्याकडे नागपूरच्या सांडपाण्याची वही निराळी, धरणाची निराळी, आणि भंडाऱ्याच्या पिण्याच्या पाण्याची निराळी. नदी मात्र एकच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नाग नदीच्या कामाचे यश नागपुरातल्या पुलावरून मोजू नका. अंभोऱ्याला आणि भंडाऱ्याच्या घाटावर पाणी तपासून मोजा, आणि ते आकडे चावडीवर लावा. जेथे या कामाचा विचार होतो, तेथे भंडाऱ्याची नगरपालिका आणि ढिवरांच्या संस्था यांना बसायला जागा द्या. आणि आपणही आपले दार झाडू या. १८६७ सालच्या आपल्या नगरपालिकेच्या गावातल्या नाल्याही उताराने वैनगंगेकडेच धावतात.

संघटनेत आम्ही नव्या कामगाराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. पगाराच्या रांगेत उभे राहण्याआधी हजेरीपटावर आपले नाव लागले आहे की नाही, ते पाहून घे. वैनगंगेच्या हजेरीपटावर भंडाऱ्याचे नाव अजून लागलेले नाही. ते लावून घेणे हे आपले काम आहे.