एकविसावा वेताळ

माणदेशात शिरलं की गावांच्या शिवेवर शेंदूर फासलेले दगड दिसायला लागतात. कुठे म्हसोबा, कुठे मरीआई, कुठे वेताळ. सांगोला तालुक्यातल्या जुन्या माणसांना वेताळ म्हणजे कोण हे समजावून सांगावं लागत नाही. तो भुताखेतांचा राजा, अमावास्येच्या रात्री पलिते नाचवत त्याची पालखी निघते, तिच्या वाटेत कुणी उभं राहू नये. कोकणात आणि गोव्यात तर तो ग्रामदेव आहे. प्रियोळला, आमोण्याला त्याची देवळं आहेत. ‘चांदोबा’ वाचणाऱ्या पोरांना तो झाडाला लोंबकळणारा आणि विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा म्हणून ठाऊक होता.

मग एक तिसराच वेताळ आला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर काळी पट्टी, कमरेला दोन पिस्तुलं, बोटात कवटीची अंगठी. ज्याच्या जबड्यावर ठोसा बसेल त्याच्या कातडीवर कवटीचा ठसा कायमचा उमटायचा. पांढऱ्या घोड्यावरून जंगलात फिरायचा, कवटीच्या आकाराच्या गुहेत राहायचा. मूळचा हा अमेरिकेतला ‘फँटम’. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ली फॉक या लेखकाने आणि रे मूर या चित्रकाराने त्याला वर्तमानपत्राच्या पट्टीत जन्माला घातलं. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, तेव्हा भारतीय भाषांसाठी त्याला नाव हवं होतं. ज्याने कुणी ‘वेताळ’ हे नाव सुचवलं त्याला भाषेचा कान होता. परक्या माणसाला त्याने असं नाव दिलं की तो आपल्याच शिवेवरून उठून आल्यासारखा वाटला.

मुंबईत छापलेली ती रंगीत पानं सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी यायची तीही प्रवास करूनच. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन पंढरपूरहून मिरजेपर्यंत गेली आणि सांगोला रुळावर आलं. नंतर एसटी आली. पेपरांच्या आणि मासिकांच्या गठ्ठ्यांसोबत कॉमिक्स गावोगाव पोहोचायची. पुस्तक विकत घेणं प्रत्येकाला परवडायचं नाही. म्हणून महाराष्ट्रभर एक रीत पडली होती: दुकानदार दोरीला अंक टांगायचा, पोरं चार-आठ आणे देऊन तिथेच उकिडवी बसून वाचायची आणि परत द्यायची. एका अंकावर पाच-सहा डोकी झुकलेली. मधलं पान निखळलेलं, कव्हर सेलोटेपने चिकटवलेलं, कोपरे बोटांनी काळवंडलेले. वाचून झालेला अंक शाळेत तोंडी सांगितला जायचा, आणि सांगताना त्यात सांगणाऱ्याची भर पडायची.

वेताळाच्या कथेचा पाया फार सुंदर आहे, आणि पुढची सगळी तक्रार त्या पायाशीच येऊन थांबते. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून एकटा वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात धरून तो शपथ घेतो की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्यायाशी लढत राहू. तो मेल्यावर त्याचा मुलगा तोच पोशाख चढवतो, मग त्याचा मुलगा. जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. वाचकाला मात्र खरं ठाऊक असतं: माणसं मरतात, अमर असते ती शपथ. ज्याची कथा आपण वाचतो तो एकविसावा.

१९३६ सालीही तो एकविसावाच होता. नव्वदच्या आसपास वर्षं झाली, वर्तमानपत्रातल्या पट्टीत अजून एकविसावाच आहे. ज्या नायकाची सगळी गोष्टच वारशाची, पिढी पालटण्याची, त्याला आपला वारसा पुढे द्यायची मुभा मिळाली नाही. डायना पामरशी त्याचं लग्न लागायला १९७७ साल उजाडावं लागलं, म्हणजे ४१ वर्षं. पुढे जुळी मुलं झाली, पण पोशाख बापाच्याच अंगावर राहिला.

यात फॉकचा दोष काढणं सोपं आहे, पण बरोबर नाही. १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो लिहीत राहिला. सहा दशकांहून जास्त काळ एकच पात्र सांभाळणं ही लहान गोष्ट नव्हे. अडचण धंद्याच्या बांधणीत होती. वर्तमानपत्रांना पट्टी पुरवणारी किंग फीचर्ससारखी संस्था एकच माल जगभर शेकडो ठिकाणी विकते. विकला जाणारा चेहरा बदलला तर गिऱ्हाईक बिथरेल, ही भीती तिला कायम असते.

अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या बड्या प्रकाशकांची गत वेगळी झाली नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३८ साली सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरना देऊन टाकले. तिथून एक रीत पडली: पात्र कंपनीचं, लेखक-चित्रकार मजुरीवर. अशा घरात काम करणारा शहाणा कलावंत आपली सगळ्यात चांगली कल्पना कशाला मालकाच्या हवाली करील? तो जुन्याच पात्राला नवा रंग देतो. त्यात १९७० च्या दशकापासून कॉमिक्स पेपरवाल्याच्या ठेल्यावरून उठून खास कॉमिक्सच्याच दुकानांत गेली. नवं पोर वाटेत सहज अडखळावं अशी जागाच उरली नाही. जे वाचत होते तेच वाचत राहिले, वय वाढत गेलं आणि त्यांना बालपणीचाच नायक हवा होता. मग सुरू झालं मारणं आणि उठवणं. १९९२ च्या अखेरीस सुपरमॅन मेला, दुकानांपुढे रांगा लागल्या, पुढच्याच वर्षी तो परत आला. सुपरमॅनच्या प्रकाशकाने, डीसीने, १९८५-८६ मध्ये आपलं सगळं विश्व मोडून नव्याने मांडलं आणि २०११ मध्ये पुन्हा ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. स्पायडरमॅनचं १९८७ साली लागलेलं लग्न २००७ मध्ये सैतानाशी करार झाल्याचं दाखवून पुसून टाकलं. वीस वर्षांचा संसार एका कथेत नाहीसा झाला. स्पायडरमॅनच्या मार्व्हल कंपनीने तर १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

हे सगळं दूरचं वाटेल. पण इंद्रजालचा इतिहास बघितला की तीच गाठ इथेही सापडते.

सुरुवातीचे ३२ अंक नुसत्या वेताळाचे. नंतर जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर आले. सगळे किंग फीचर्सच्या पोतडीतले. अंक तयार व्हायचा कसा, ते बघण्यासारखं आहे. मूळ पट्टी रोज तीन-चार चौकटींची. वर्तमानपत्राच्या वाचकाला काल काय झालं ते आठवावं म्हणून पहिल्या चौकटीत कालचीच गोष्ट थोडक्यात पुन्हा असायची. सलग पुस्तकात ती पुनरुक्ती खटकणार, म्हणून चौकटी कापायच्या, जुळवायच्या, फुग्यांतला मजकूर पुसून भाषांतर भरायचं. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून नावंही बदलली: मूळचं ‘बंगाला’ इथे ‘देंकाली’ झालं, चाच्यांच्या ‘सिंग’ टोळीचं ‘सिंगा’ झालं. कात्री आणि डिंक घेऊन बसलेली ही माणसं कसबी होती. पण कसब लागत होतं ते दुसऱ्याच्या गोष्टीवर.

स्वतःचा नायक उभा करायला इंद्रजालला बारा वर्षं लागली. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’ आला. अंगात केशरी कुर्ता, खाली जीन्स. दरोडेखोराचा मुलगा, बापाला गोळी घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच वाढवलेला. गावकऱ्यांना एकत्र करून तो डाकूंशी लढतो. अंगात अचाट शक्ती नाही, मुखवटा नाही. चंबळच्या धुळीतून आलेला हा नायक वाचकांना आपला वाटला, आणि वेताळ-मँड्रेकच्या रांगेत तो ताठ उभा राहिला. एवढं यश दिसूनही इंद्रजालमध्ये बहादूरच्या तोलाचा दुसरा देशी नायक उभा राहिला नाही. आणलेला माल स्वस्त पडतो. नव्या अंकाला लेखक हवा, पेन्सिलने आखणारा हवा, शाई भरणारा हवा, अक्षरं काढणारा आणि रंग लावणारा हवा. एप्रिल १९९० मध्ये आठशेच्या वर अंक काढून इंद्रजाल बंद पडलं. तोपर्यंत दूरदर्शनवर रामायण होऊन गेलं होतं आणि महाभारत चालू होतं.

मराठीपुरतं सांगायचं तर यातली सगळ्यात लागणारी बाब वेगळीच आहे. चित्रकथेचा हात मराठी माणसांपाशी होता. राम वाईरकर यांनी ‘अमर चित्र कथा’चा ‘कृष्ण’ रेखाटला, ‘टिंकल’मधला सुपंडी काढला. वसंत हळबे यांचा शिकारी शंभू, प्रदीप साठे यांचा कालिया कावळा. पुण्याचे प्रताप मुळीक तर दोन्हीकडे होते: ‘अमर चित्र कथा’तले पुराणपुरुषही त्यांचेच, आणि १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ आणला तेव्हा त्याचा पहिला देह, ते हिरवे खवले, ते मनगटातून सुटणारे साप, हेही मुळीकांच्याच हातचे. पुढे संजय अष्टपुत्रे यांनी नागराज काढला, दिलीप कदम यांनी ‘भोकाल’ उभा केला. राज कॉमिक्सचा ‘डोगा’ तर थेट मुंबईच्या गल्ल्यांतला. राज कॉमिक्सचे हे सगळे नायक हिंदीत बोलले.

मराठी गद्यात नायकांचा तुटवडा कधीच नव्हता. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी वाचनालयात नंबर लागायचे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून पुण्यात भटकला आणि पोरांच्या जिभेवर ‘टॉक्’ ठेवून गेला. शब्द होते, चित्रं काढणारे होते. दोघांना एका टेबलाशी बसवून वर्षभर पगार देणारा आणि दर पंधरवड्याला अंक काढायची जोखीम घेणारा प्रकाशक मात्र उभा राहिला नाही. मराठी प्रकाशनाचा जीव दिवाळी अंकात अडकलेला. वर्षातून एकदा भरघोस, बाकी अकरा महिने सावध. याचं दुःख व्हायला हवं, कारण मुळीक-वाईरकरांच्या पिढीसारखी पिढी वारंवार येत नाही.

एक वारसा मात्र खरोखर पुढे गेला. राम वाईरकर गेल्यावर त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर यांनी सुपंडी हातात घेतला. कागदावरच्या वेताळाला जे जमलं नाही ते चित्रकाराच्या घरात घडलं.

गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की ती शिळी होते, असं म्हणावं तर सांगोल्याच्या आसपासचा माणदेश त्याला लगेच हरकत घेईल. इथे धनगर समाज मोठा. गजी ढोलावर थाप पडली की रंगीत रुमाल हवेत उडवत माणसं रिंगणात नाचतात, आणि रात्री बिरोबाच्या ओव्या होतात. आरेवाडीचा बिरोबा इथून लांब नाही. त्याची कथा ऐकली तर कॉमिक्स वाचलेल्या पोराचे कान टवकारतील: सुरवंतीच्या पोटी आलेलं, रानात टाकलेलं बाळ, जिवावर उठलेला मामा, आणि त्या बाळाला उचलून वाढवणारी मायाक्का. परक्या घरी वाढलेल्या सुपरमॅनच्या कितीतरी आधीपासून ही गोष्ट मेंढरांमागे चालते आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांमागे वर्षानुवर्षं फिरून या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. एक भाग गायचा, मग तोच भाग बोलून सांगायचा आणि पुढे सरकायचं, अशी त्यांची चाल. त्यात कुठे थांबायचं, कोणता प्रसंग ताणायचा, कोणता दोन शब्दांत उरकायचा, हे त्या रात्री गाणारा ठरवतो. मायाक्काच्या चिंचलीकडचा गाणारा तिचा प्रसंग रंगवील, दुसरा लढाईत रमेल. बिरोबाचे हक्क कुणाच्या नावावर नाहीत. कुणाला १३० डॉलर मिळाले नाहीत, आणि कुणाला कथा बदलायची परवानगीही मागावी लागली नाही.

ओवी म्हणणाऱ्याच्या मागे झील धरणारे बसतात. त्यात बहुतेक वेळा एखादं मिसरूड न फुटलेलं पोर असतं. म्होरक्याने ओळ टाकली की शेवटचे शब्द उचलायचे, एवढंच त्याचं काम. पहाटेकडे म्होरक्याचा आवाज बसतो. तो घोंगडी ओढून घेतो, पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो आणि मानेनेच पोराला पुढं हो म्हणतो. पोर घसा खाकरतं, एका कानावर हात ठेवतं आणि सुरवंतीचं बाळ रानात रडतंय तिथून कथा उचलतं, थोडी वेगळी.