पोस्टस्क्रिप्टचे प्रमाण फॉन्ट : लाटेकमधील वापर

अॅडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णन भाषेवर चालणाऱ्या लेझर प्रिंटरांमध्ये कायमचे बसवलेले ३५ रोमन व चिन्ह फॉन्ट. १९८५ च्या अॅपल लेझररायटरमध्ये ते १३ होते : टाइम्स, हेल्वेटिका व कुरिअर यांची प्रत्येकी चार रूपे आणि सिंबल. पुढच्या वर्षी लेझररायटर प्लसमध्ये पॅलाटिनो, बुकमन, न्यू सेंच्युरी स्कूलबुक इत्यादींची भर पडून संख्या ३५ झाली.

लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली ज्या टेक प्रणालीवर उभी आहे, तिचे जनक डोनाल्ड क्नूथ यांनी तिच्यासाठी कॉम्प्युटर मॉडर्न हे स्वतंत्र फॉन्ट घडवले होते. तरीही टेकला परके फॉन्ट चालतात, कारण ओळी जुळवताना ते अक्षराचा आकार पाहतच नाही. त्याला हवी असतात ती मापे : अक्षराची रुंदी, उंची, बैठकीच्या रेषेखालची खोली आणि शेजारच्या अक्षरापासूनचे अंतर. ही मापे टीएफएम फायलीत असतात आणि अॅडोबीच्या एएफएम फायलींवरून ती तयार करता येतात. दोन्हीकडचे अक्षरक्रमांक जुळत नाहीत. तो मेळ आभासी फॉन्ट घालतात. प्रत्यक्ष आकार अगदी शेवटी, नकाशा फाइल वाचून, डीव्हीआयपीएस किंवा पीडीएफटेक हा प्रोग्राम जोडतो.

ही सगळी जुळणी पीएसएनएफएसएस या संचात तयार मिळते. सेबॅस्टियन राट्झ यांनी तो उभा केला, वॉल्टर श्मिट यांनी पुढे सांभाळला. लेखकाने प्रारंभीच्या आज्ञांमध्ये पॅकेजचे नाव लिहिले की मजकुराचा फॉन्ट बदलतो. गणित मात्र इतक्या सहजी बदलत नाही. जुने ‘टाइम्स’ पॅकेज समीकरणांना हात लावत नाही; मजकूर टाइम्समध्ये आणि सूत्रे कॉम्प्युटर मॉडर्नमध्ये असे विजोड पान त्यातून निघते. म्हणून टाइम्ससाठी ‘मॅथपीटीएमएक्स’ आणि पॅलाटिनोसाठी ‘मॅथपाझो’ वापरावे. दोहोंत मॅथपाझो सरस. त्यात ठळक गणिती अक्षरेही आहेत, जी मॅथपीटीएमएक्समध्ये नाहीत.

हेल्वेटिकाची लहान अक्षरे टाइम्सपेक्षा उंच असल्याने एकाच आकारमानात ती थोराड दिसतात. ‘हेल्वेट’ पॅकेजला ०.९२ च्या आसपास प्रमाण दिल्यास दोन्ही शेजारी शोभतात. कुरिअर इतका रुंद व बारीक रेषेचा आहे की संगणकीय आज्ञा छापताना ओळी मावत नाहीत. तिथे दुसरा समरुंद फॉन्ट घेणेच बरे.

प्रिंटरमध्ये फॉन्ट आहेतच, म्हणून ते फायलीत न घालण्याची पद्धत पूर्वी होती. त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर भलतेच आकार उमटत. यूआरडब्ल्यू या जर्मन संस्थेने ३५ फॉन्टांच्या प्रतिरूपांना मुक्त परवाना दिल्यावर ही अडचण सुटली. आजच्या टेक वितरणांत टाइम्स मागितल्यास बहुधा निंबस रोमन येतो आणि तो पीडीएफमध्ये जोडला जातो. अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टाबरहुकूम राखलेली असल्याने ओळी जिथे तुटायच्या तिथेच तुटतात. याच प्रतिरूपांवर पोलंडच्या टेक वापरकर्त्यांनी टेक गिर हा संच विस्तारला. टर्मिस, हिरोस, पॅजेला ही त्यातली नावे.

या ३५ फॉन्टांत देवनागरी नाही. मराठी मजकुरासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक आणि ओपनटाइप देवनागरी फॉन्ट लागतो. त्याच दस्तऐवजातल्या रोमन मजकुराला टेक गिरचे ओपनटाइप रूप देता येते.