वाळवंटातली मोटार आणि मागे पडलेली नावे

अवघड मुलखात गाडी नेणारे हौशी लोक ती आधी गॅरेजमध्ये बदलून घेतात. वजन उतरवतात, पाण्या-पेट्रोलचे जादा कॅन बसवतात, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या बरोबर घेतात. या कलेचा इतिहास सांगताना राल्फ बॅगनॉल्ड यांचे नाव हमखास येते, आणि ते यायलाच हवे.

बॅगनॉल्ड ब्रिटिश लष्करात अधिकारी होते. 1926 मध्ये त्यांची इजिप्तला नेमणूक झाली. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन, पदरचे पैसे घालून ते लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या मोटारी नेत. आधी मॉडेल टी, पुढे मॉडेल ए. मोटारीची मूळ बॉडी काढून त्यांनी साधा लाकडी हौदा बसवला. टायरमधली हवा कमी ठेवली, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत कमी रुततो. कैरोच्या भंगार बाजारातून लोखंडी पन्हळी पट्ट्या आणल्या. चाक अडकले की समोरची वाळू उपसायची, पट्टी सरकवायची आणि गाडी बाहेर काढायची.

खरी अडचण पाण्याची होती. रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ उडून गेली तर माणसांनी प्यायचे काय? त्यांनी वाफ नळीने बाजूच्या डब्यातल्या पाण्यात सोडली. तिथे तिचे पुन्हा पाणी होई. इंजिन थंड झाले की रेडिएटर ते पाणी आपोआप परत ओढून घेई.

दुसरी अडचण दिशेची. मोटारीच्या लोखंडामुळे होकायंत्र फसते. म्हणून त्यांनी सूर्य-होकायंत्र सुधारून वापरले : अंश आखलेली तबकडी आणि मधोमध उभी सुई. सावलीवरून वेळ ओळखणे आपल्याकडे जुनेच आहे. इथे उलटे. वेळ घड्याळात दिसते, त्या वेळी सूर्य कुठे असेल ते कोष्टक सांगते, आणि सावलीवरून दिशा कळते. याच अनुभवातून 1940 मध्ये बॅगनॉल्ड यांनी 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' ही लष्करी तुकडी उभारली. पुढे तिच्या जोडीला भारतीय जवानांचे पथकही आले.

इथवरची गोष्ट बहुतेक पुस्तकांत सापडते. पण हे वाळवंट बॅगनॉल्ड यांच्याआधी निर्मनुष्य आणि अज्ञात होते का? इजिप्तचे अहमद हसनैन बे 1923 मध्ये उंटांवरून सुमारे 3,500 किलोमीटर चालून गेले आणि अर्केनू व उवैनात हे डोंगर त्यांनी नकाशावर आणले. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने 1924 मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. शाहजादे कमालुद्दीन हुसेन यांनी तर बापाचे तख्त नाकारले आणि वाळवंट पत्करले. मागे चाकांऐवजी रबरी पट्टे असलेल्या सित्रोएन मोटारी घेऊन ते 1920च्या दशकाच्या मध्यात नैऋत्य इजिप्तपर्यंत पोहोचले. तिथल्या प्रचंड पठाराचे 'गिल्फ कबीर' हे नाव त्यांनीच ठेवले. हसनैन यांना वाट दाखवणारे बदू वाटाडे तर पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच.

1931 मध्ये इटलीच्या फौजांनी कुफ्रा जिंकले. तिथली कुटुंबे बायका-मुलांसह वाळवंटात पळाली आणि पाण्यावाचून मरू लागली. इजिप्तच्या भूमापन खात्यातले पॅट्रिक क्लेटन त्या भागात मोजणी करत होते. त्यांनी आपल्या मोटारी या लोकांना शोधायला आणि वाचवायला वापरल्या. नकाशासाठी सजवलेली गाडी अशी माणसांच्या कामी आली.

बॅगनॉल्ड यांची कल्पकता मोठी होती, ती मान्य करताना हात आखडण्याचे कारण नाही. मात्र मुलांना ही गोष्ट सांगताना हसनैन, कमालुद्दीन आणि ते निनावी वाटाडे गाळले, तर मुलांचा समज होतो की शोध लावणारे नेहमी बाहेरूनच येतात आणि आपली माणसे फक्त उंट हाकतात. हा समज खोटा आहे आणि तो वर्गातच दुरुस्त झाला पाहिजे.