झांग शान यांचे सुवर्णपदक आणि त्यानंतरची आठ वर्षे : स्कीट नेमबाजीच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील महिला नेमबाजीचा विषय निघाला की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे ओघाने येतात. ही परंपरा रायफल व पिस्तुलाची आहे. अंजली भागवत यांची सुरुवात महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेनेतून झाली, ही बाब आपणा प्राध्यापकवर्गाला विशेष जवळची वाटावी. हवेत फेकलेल्या चकतीवर शॉटगन चालविण्याचा प्रकार मात्र आपल्याकडे तितकासा रुजला नाही. दहा मीटरची एअर रायफल एखाद्या सभागृहातही चालविता येते. चकतीच्या नेमबाजीला मोकळी जमीन, चकत्या फेकणारी यंत्रे आणि प्रत्येक बाराला नवे काडतूस लागते. त्यामुळे भारतात हा खेळ प्रथम राजघराण्यांच्या आश्रयाने वाढला. बिकानेरचे महाराजा करणी सिंह पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. त्यांच्या कन्या राज्यश्री कुमारी यांना 1968 चा, तर भुवनेश्वरी कुमारी यांना 1969 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रस्तुत लेखात मात्र राजघराण्याबाहेरील आणि भारताबाहेरील एका स्त्रीच्या कारकिर्दीचा विचार केला आहे. स्त्री-पुरुष समतेच्या संदर्भात क्रीडानियमांचा इतिहास कसा वाचावा, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

खेळाचे स्वरूप :

1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवर नेम धरला गेला होता. पुढे त्यांची जागा चकत्यांनी घेतली, तरी इंग्रजी व्यवहारात ‘मातीचे कबूतर’ हा शब्द टिकून राहिला. वस्तुतः आजच्या चकतीत मातीही नसते. ती चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखे द्रव्य यांची बनविलेली असते. तिचा व्यास सुमारे 11 सेंटिमीटर. स्कीट या प्रकारात उंच व ठेंगण्या अशा दोन घरांतून चकत्या सुटतात आणि नेमबाज अर्धवर्तुळावरील आठ स्थानांवरून त्या फोडतो. चकती दिसेपर्यंत बंदूक कमरेच्या पातळीवरच ठेवावी लागते. येथे शरीरबळापेक्षा दृष्टी, लय व मनाची स्थिरता यांची कसोटी लागते.

बार्सिलोना, 1992 :

ऑलिंपिकमध्ये स्कीटचा समावेश 1968 साली झाला आणि त्याच वर्षी स्त्रिया प्रथम ऑलिंपिक नेमबाजीत उतरल्या. स्पर्धा खुली होती. स्त्री आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच गुणतक्त्यावर. चीनच्या सिचुआन प्रांतातील नानचोंग येथे 1968 मध्येच जन्मलेल्या झांग शान 1992 साली बार्सिलोना येथे उभ्या राहिल्या, तेव्हा ही व्यवस्था अस्तित्वात होती. अंतिम फेरीपूर्वीच्या 200 चकत्यांपैकी त्यांनी 200 फोडल्या. अंतिम फेरीत 25 पैकी 23 मिळाल्या. एकूण 223 गुणांसह सुवर्णपदक त्यांचे झाले. पेरू व इटलीचे पुरुष स्पर्धक प्रत्येकी 222 गुणांवर राहिले. खुल्या ऑलिंपिक नेमबाजीत सुवर्ण जिंकणारी ही पहिली स्त्री. पदक-समारंभात त्या दोघांनी त्यांना उचलून धरल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्कीट केवळ पुरुषांसाठी ठेवण्यात आले आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र स्कीट नव्हते. विजेतीला आपले विजेतेपद राखण्याची संधीच उरली नाही. स्त्रीने जिंकल्याची ही शिक्षा होती, असे समीकरण अनेकदा मांडले जाते. ते मला पुरते पटत नाही. रायफल व पिस्तुलात स्त्रियांचे वेगळे प्रकार 1984 पासूनच सुरू झाले होते. विभाजनाची प्रक्रिया आधीपासून चालू होती. अटलांटात स्त्रियांसाठी डबल ट्रॅप हा नवा प्रकारही आला व अमेरिकेच्या किम ऱ्होड यांनी तो जिंकला. परंतु नवे दार उघडण्यापूर्वी जुने दार लावून घेतले गेले, याचे समर्थन कोणत्याही प्रक्रियेने होत नाही. स्कीटच्या खेळाडूला डबल ट्रॅपचे दार दाखविणे म्हणजे धावपटूला उंच उडीत उतरण्यास सांगण्यासारखेच.

महिलांचे स्कीट 2000 साली सिडनीत आले. झांग शान तेथे उतरल्या व आठव्या आल्या. येथे एक तपशील नोंदविण्याजोगा आहे. महिलांच्या पात्रता फेरीत चकत्या 75 होत्या, पुरुषांसाठी 125. ज्या स्त्रीने सलग दोनशे चकत्या फोडल्या होत्या, तिला पंचाहत्तर पुरेशा मानल्या गेल्या! ही विषमता जागतिक नियमांतून 2018 मध्ये दूर झाली.

भारतीय संदर्भ :

दरम्यान भारतातही आश्रयदाते बदलले. सेनादलाच्या सीमा तोमर यांनी 2010 मध्ये डॉरसेट येथील विश्वचषकात ट्रॅपचे रौप्यपदक मिळविले. शगुन चौधरी 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये ट्रॅप खेळल्या. भोपाळ येथील राज्य अकादमीतून मनीषा कीर यांच्यासारखी मच्छीमार कुटुंबातील मुलगी पुढे आली आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्यविजेत्या महिला ट्रॅप संघात तिचा समावेश होता. राज्य शासनाने मैदान आणि काडतुसांचा खर्च उचलला तर काय घडते, हे शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखविले आहे. महाराष्ट्राने रायफलीबाबत जे साधले, ते शॉटगनबाबत का साधले नाही, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांतील शारीरिक शिक्षण विभागांनी हाती घ्यावा असा आहे.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कीटची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच झाली. प्रत्येक संघात एक स्त्री आणि एक पुरुष, दोघांना समान चकत्या. कांस्यपदकाच्या लढतीत भारताच्या महेश्वरी चौहान व अनंतजीत सिंह नरुका यांना 43 विरुद्ध 44 असा एका चकतीने पराभव पत्करावा लागला. समोरचा संघ चीनचा होता.