विद्यार्थी-खेळाडूने थांबावे काय?

विद्या पुरी होण्याआधीच तिचे फळ हाती येऊ लागले, तर विद्यार्थ्याने काय करावे? हा प्रश्न गायकाच्या, नटाच्या आणि मल्लाच्या वाट्याला सर्वच देशांत आलेला आहे. एरवी त्याचा निकाल घरातल्या घरात लागतो. वडीलधारी माणसे चार शब्द सांगतात, मुलगा ऐकतो किंवा ऐकत नाही. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या खेळात मात्र या प्रश्नावर नियम झाले, खटले लढले गेले आणि अखेर तो त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. महाविद्यालयात शिकणाऱ्या कुशल खेळाडूने धंदेवाईक खेळात लगेच उतरावे की शिक्षण पुरे होईपर्यंत थांबावे, या वादाचा इतिहास म्हणूनच उद्बोधक आहे.

बास्केटबॉलचा जन्मच मुळी विद्यालयात झाला. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून हा खेळ योजला आणि व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या. पुढे महाविद्यालयांनी तो आपलासा केला. आज एन्.बी.ए. या नावाने ओळखली जाणारी धंदेवाईक संघटना १९४६ साली स्थापन झाली आणि १९४९ पासून तिला हे नाव मिळाले. तोवर महाविद्यालयीन सामन्यांची प्रतिष्ठा दृढ झालेली होती.

या दोन सत्तांमध्ये एक सोयीचा समझोता होता. मुलाची शाळा संपल्यापासून चार वर्षे लोटल्याखेरीज कोणत्याही धंदेवाईक संघाने त्याला घ्यावयाचे नाही, असा एन्.बी.ए.चा नियम होता. मुलाचे शिक्षण पुरे व्हावे, हा त्याचा सांगितला जाणारा हेतू. आणि तो खोटा होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच नियमामुळे महाविद्यालयांचे नामांकित खेळाडू चार वर्षे त्यांच्याकडेच राहत, आणि संघमालकांना तयार झालेला, कीर्ती मिळवलेला खेळाडू आयता हाती येई. दोन्ही पक्षांचा लाभ उघड होता. ज्याच्या आयुष्याची ही चार वर्षे, त्या मुलाला मात्र कोणी विचारले नव्हते.

विल्ट चेंबरलेनने १९५८ साली कॅन्सस विद्यापीठ एक वर्ष आधीच सोडले, तेव्हा एन्.बी.ए.चे दार त्याला बंद होते. ते वर्ष त्याने हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या संघात घालवले आणि १९५९ साली तो फिलाडेल्फियाच्या संघात आला. याच खेळाडूने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण मिळवले. नियमाने त्याचे शिक्षण पुरे झाले नाही. एक वर्ष वाट पाहणे तेवढे घडले.

या नियमाला खरा धक्का दिला तो स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपी राज्यातील सिल्व्हर सिटी या लहानशा गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. घरात दहा भावंडे, आणि आई कापूस वेचून मिळणाऱ्या मजुरीवर संसार चालवणारी. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये एकोणीस वर्षांच्या हेवूडने अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. पुढल्या वर्षी डेट्रॉइट विद्यापीठ सोडून तो १९६७ साली निघालेल्या प्रतिस्पर्धी ए.बी.ए. संघटनेच्या डेन्व्हर संघात गेला आणि पहिल्याच हंगामात सामन्यागणिक सरासरी ३० गुण मिळवून सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. परंतु डेन्व्हरशी झालेल्या करारातला आकडा मोठा दिसत असला, तरी त्यातील बरीच रक्कम अनेक वर्षांनी मिळावयाची होती. हे ध्यानात आल्यावर त्याने १९७० च्या अखेरीस एन्.बी.ए.च्या सिॲटल संघाशी करार केला.

त्याची चार वर्षे पुरी व्हावयास तेव्हा काही महिनेच उरले होते. पण संघटनेने नियमावर बोट ठेवले. दुसऱ्या संघांच्या गावी तो मैदानात उतरला, की नियमबाह्य खेळाडू मैदानावर असल्याची घोषणा ध्वनिक्षेपकावरून होई. प्रकरण न्यायालयात गेले. १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी हेवूडला खेळू देण्याचा खालच्या न्यायालयाचा हुकूम पुन्हा चालू केला. खेळाडूच्या ऐन उमेदीचे दिवस वाया गेले आणि कसदार स्पर्धेवाचून त्याचे कौशल्य मंदावले, तर ती हानी मागाहून भरून निघत नाही, हा विचार त्या हुकुमाच्या मुळाशी होता. पुढे खालच्या न्यायालयाने हा नियम म्हणजे संघमालकांनी संगनमताने टाकलेला बहिष्कार असल्याचे ठरवले.

संघटनेने मग दार किलकिले केले. आर्थिक अडचण दाखवून देणाऱ्याला मुदतीपूर्वी प्रवेश मिळू लागला. १९७६ साली तीही अट गेली. १९७५ मध्ये डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलोबी हे शाळेतून थेट एन्.बी.ए.मध्ये आले. १९९५ साली केव्हिन गार्नेट, १९९६ साली कोबी ब्रायंट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स याच वाटेने आले आणि आपल्या काळातील अग्रगण्य खेळाडू ठरले. परंतु याच वाटेने १९९८ साली आलेला कॉर्लिऑन यंग एन्.बी.ए.मध्ये अवघे तीन सामने खेळला. यशस्वी मुलांची नावे सर्वांच्या ओठी राहतात. न जमलेल्यांची नावे लोक विसरतात, आणि त्यांच्या हाती पदवीही नसते. थांबण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते येथे.

स्वेच्छेने थांबलेल्यांचा इतिहासही तितकाच मोलाचा आहे. प्रिन्स्टनचा बिल ब्रॅडली १९६५ साली पदवीधर झाला. न्यूयॉर्कचा संघ त्याच्यासाठी दार उघडून बसला असता तो दोन वर्षे ऑक्सफर्डला शिकावयास गेला. १९६७ साली तो परतला, १९७० आणि १९७३ च्या विजेत्या संघांत खेळला आणि पुढे अठरा वर्षे सिनेटचा सभासद होता. टिम डंकनची आई त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वारली. पदवी घेईन, असे वचन त्याने तिला दिले होते. मोठमोठ्या रकमा खुणावीत असताना तो वेक फॉरेस्ट विद्यापीठात चार वर्षे राहिला, १९९७ साली मानसशास्त्राचा पदवीधर झाला आणि पुढे सॅन अँटोनिओच्या संघाबरोबर पाच विजेतेपदे मिळवली. याउलट व्हर्जिनिया विद्यापीठाचा राल्फ सॅम्सन १९८३ पर्यंत चारही वर्षे थांबला. परंतु धंदेवाईक खेळात काही हंगाम होतात न होतात तोच त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. थांबणाऱ्याला फळ मिळतेच असे नाही. कारण खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि ते भांडवल टिकाऊ नाही.

२००५ साली संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करारान्वये नवा नियम आला. खेळाडू एकोणीस वर्षांचा हवा आणि अमेरिकन मुलाची शाळा सुटून एक वर्ष झालेले हवे. परिणामी गुणी मुले महाविद्यालयात एक हंगाम काढून निघून जाऊ लागली. एका वर्षात पदवी मिळत नाही. मात्र त्या वर्षात महाविद्यालयांची प्रेक्षागृहे भरतात. २०१० साली महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धेच्या चौदा वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी १०.८ अब्ज डॉलरांचा करार झाला. खेळणाऱ्या मुलाचा वाटा मात्र शिक्षण, निवास आणि भोजन एवढ्यावरच थांबत होता. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचा बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटात फाटला आणि त्याचा गुडघा दुखावला. सुदैवाने तो सावरला आणि त्याच वर्षी एन्.बी.ए.च्या निवडीत पहिला आला. पण त्या एका क्षणाने सगळ्या देशाला दाखवून दिले, की थांबण्याचा धोका कोण पत्करतो आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो.

२०२१ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने महाविद्यालयीन क्रीडासंघटनेविरुद्ध निर्णय देऊन विद्यार्थी-खेळाडूंना शिक्षणाशी निगडित अधिक लाभ देण्याची वाट मोकळी केली. पुढच्याच महिन्यापासून खेळाडूला आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली; आणि २०२५ साली मंजूर झालेल्या तडजोडीने महाविद्यालयांना खेळाडूंस थेट मोबदला देता येऊ लागला. मग शतकभराच्या उपदेशाने जे साधले नव्हते ते घडू लागले. अनेक खेळाडू आपण होऊन महाविद्यालयात अधिक काळ राहू लागले. अर्थात, अधिक मोबदल्यासाठी दरवर्षी विद्यापीठ बदलणाऱ्याचे शिक्षण कितपत होते, ही नवी चिंता आहेच.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. थांबणे हा गुण आहे. पण तो स्वेच्छेचा असेल तरच. डंकन थांबला तो वचनासाठी, ब्रॅडली थांबला तो विद्येसाठी. हेवूडला थांबवले जात होते ते इतरांच्या सोयीसाठी. शिवाय पदवीचे दार वयाने बंद होत नाही. तीन वर्षांनी विद्यापीठ सोडलेल्या मायकेल जॉर्डनने १९८६ साली आपली पदवी पुरी केली, शकील ओनीलने २००० साली. मैदानाचे दार मात्र शरीराबरोबर मिटते. तेव्हा ज्या मुलाच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला थांबण्याचा उपदेश करणाऱ्याने त्या थांबण्याची किंमतही स्वतः उचलावी. विद्यापीठाने आपले वचन पाळून खरोखर विद्या दिली, आणि मुलाला परत येण्याची वाट मोकळी ठेवली, तर थांबावे की जावे याचा निर्णय निश्चिंतपणे त्याच्यावरच सोपवता येईल.