फळझाडांचे खुंट आणि चुनखडीयुक्त जमीन

ज्या रोपावर फळझाडाचा डोळा भरतात त्यास खुंट म्हणतात. फळ डोळ्याच्या जातीचे येते. जमिनीशी संबंध मात्र खुंटाच्या मुळांचा असतो. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनच्या (ता. झरी-जामणी) परिसरात चुनखडकाचे मोठे साठे आहेत. चुनखडीयुक्त जमिनीचा सामू ७·५ ते ८·५ असतो. त्यामुळे लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सहनशील खुंटांची मुळे आम्ल सोडून व फेरिक लोहाचे क्षपण करून ते शोषून घेतात.

या प्रश्नाची तीव्रता प्रथम फ्रान्समध्ये जाणवली. फिलॉक्सेरा किडीपासून बचावासाठी द्राक्षवेली अमेरिकी खुंटांवर बांधण्यात आल्या. परंतु कोन्याकच्या खडूयुक्त जमिनीत रिपारिया व रुपेस्ट्रिस हे खुंट टिकेनात. म्हणून १८८७ मध्ये प्येर व्हियाला यांना अमेरिकेत पाठविण्यात आले. टेक्ससमधील टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने त्यांना चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी बर्लँडिएरी ही जाती उपयुक्त आढळली. तिच्या छाटांना मुळे सहज फुटत नसल्याने तिचे संकर करावे लागले. मीयार्दे यांचा ४१ बी हा त्यांपैकी एक होय.

विदर्भातील संत्र्याचा खुंट परंपरेने जंबेरी. तिच्या बियांपासून बहुतांशी एकसारखी रोपे मिळतात, हे रोपवाटिकांच्या सोयीचे. पण फायटॉप्थोरामुळे होणाऱ्या मूळकूज व डिंक्या रोगांस ती बळी पडते. रंगपूर लाइम हा चुनखडी व क्षार अधिक सोसणारा खुंट. त्रिपर्णी संत्रा फायटॉप्थोरास दाद देत नाही, परंतु चुनखडीत तो अगदीच निकामी ठरतो. आंबट संत्रा चुनखडीत उत्तम. तथापि १९३० नंतर ट्रिस्टेझा विषाणूने अर्जेंटिना व ब्राझीलमधील या खुंटावरील लक्षावधी झाडे नष्ट केली. म्हणजे एक संकट टाळणारा खुंट दुसऱ्याला वाट देतो. नागपूर येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात या खुंटांचे संशोधन झाले आहे.

चुनखडीयुक्त व चोपण जमिनी यांत घोटाळा होऊ नये. चोपण जमिनीत सोडियममुळे मातीची घडण बिघडते व निचरा खुंटतो. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत क्षार व पाणीटंचाई यांसाठी डॉगरिज हा खुंट रूढ झाला. पुढे त्यावरील वेलींत सोडियमचा साठा व पालाशाची कमतरता आढळल्याने ११० आर यासारखे खुंटही वापरात आले.

बाग लावल्यावर खुंट बदलणे व्यवहार्य नसते. चुनखडीच्या जमिनीत दिलेले हिराकस लवकरच अविद्राव्य होते. चिलेटयुक्त लोह टिकते, पण ते महाग पडते.