व्हाइटफील्ड नावाची चिप आणि वेग आवरण्याची गोष्ट

बंगळुरूत राहणाऱ्याला व्हाइटफील्ड म्हटलं की ट्रॅफिक आठवतं. मला एक चिप आठवते, जी कधी बाजारात आलीच नाही.

इंटेलच्या बंगळुरूतल्या अभियंत्यांनी सर्व्हरसाठी चार कोअरचा झिऑन प्रोसेसर आखायला घेतला होता. नाव त्याच उपनगराचं, व्हाइटफील्ड. २००५ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला.

तो काळ वेगाचा कैफ उतरण्याचा होता. वेग वाढवत नेला की उष्णता आवरेना. २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ हा पुढचा पेंटियम सोडून दिला आणि ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेतही गुंडाळला.

इथे थोडं गणित करू. चिप काम करताना जी वीज घेते, ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं. दोन्ही २० टक्क्यांनी कमी करा. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ म्हणजे सुमारे ०.५१. वीज जवळपास निम्मी! काम संपायला सव्वापट वेळ लागतो हे खरं, पण त्या कामाची ऊर्जा साधारण ३६ टक्के वाचते. गळतीची वीज यात धरलेली नाही.

ही कल्पना १९९४ मध्ये झेरॉक्स पार्कच्या मार्क वायझर आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंधात मांडली होती. जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये ‘स्पीडस्टेप’ आलं. त्याचा हिशेब सोपा होता: प्लग लावला की जोरात, बॅटरीवर हळू. मग २००४ मध्ये लिनक्सच्या २.६.९ आवृत्तीत इंटेलच्या वेंकटेश पल्लीपाडी यांचा ‘ऑनडिमांड’ गव्हर्नर आला. प्रोसेसर किती गुंतलाय, हे तो सेकंदात कित्येकदा तपासायचा. ८० टक्क्यांच्या वर गेला की थेट सर्वोच्च वेग, कारण समोर माणूस खोळंबलेला असतो. काम ओसरलं की वेग खाली.

खरं सांगतो, तेव्हा माझा यावर विश्वास नव्हता. आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर मी ही सोय बंद ठेवायचो. साहेबांना वेग हवा असायचा. एका एप्रिलमध्ये रात्री वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर होते, एसी नव्हता. खोली तापली आणि एकेक मशीन बंद पडलं. जवळपास रिकामी बसलेली यंत्रं मीच पूर्ण वेगाला बांधून ठेवली होती.

बंगळुरूतलं काम मात्र थांबलं नव्हतं. सप्टेंबर २००८ मध्ये झिऑन ७४०० आला, सांकेतिक नाव डनिंग्टन. सहा कोअर, १.९ अब्ज ट्रान्झिस्टर. संपूर्ण भारतात आखलेला इंटेलचा हा पहिला एक्स८६ प्रोसेसर. त्याचं सर्वांत वेगवान मॉडेल २.६६ गिगाहर्ट्‌झ आणि १३० वॉटचं. सहा कोअरचंच कमी विजेवरचं मॉडेल २.१३ गिगाहर्ट्‌झ आणि ६५ वॉटचं.

आता मघाचं गणित आठवा. वेग २० टक्क्यांनी कमी, वीज निम्मी. दुसऱ्या मॉडेलची कॅश थोडी कमी होती आणि त्यासाठीच्या चिप वेगळ्या निवडल्या जात, हे मान्य. तरी धडा तोच. शेवटचा थोडासा वेग सगळ्यांत महाग पडतो.

त्या रात्रीनंतर मी ती सोय पुन्हा कधी बंद केली नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती चालू आहे का, एकदा बघून घ्या. भेटू पुढच्या भागात.